डॉक्टर, हा उपचार की प्रयोग?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दवाखाना बंद करण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात ओळखीच्या एक बाई आल्या. वसईच्या पश्चिम पट्ट्यात त्यांची छोटी वाडी आहे. वर्षानुवर्षे पहाटेच्या लोकलने फुले आणि भाजी घेऊन दादरला जातात, अकरापर्यंत परत येतात. दुखणे अंगावर काढणे हा त्यांचा स्वभाव. त्यामुळे त्या आपणहून आल्या म्हणजे काहीतरी झाले असणार, असे वाटले. पण त्यांनी पिशवीतून घडी घातलेला एक कागद काढला.

"डॉक्टर, आमच्याकडे बायकांच्या तपासणीचं शिबिर आहे. फुकट आहे. पण आधी ह्यावर सही मागतात. वाचून सांगा, करू का नको?"

कागद इंग्रजीत होता. तपासणी गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाची होती आणि ती चांगलीच गोष्ट होती. मात्र शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात लिहिले होते, की तपासणीतून मिळालेली माहिती संशोधनासाठी वापरली जाऊ शकते. मी ते मराठीत सांगितले. बाई क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे आमच्यावर प्रयोग करणार का?"

मी त्यांना "तसं काही नाही ताई" असे म्हणून पाठवू शकलो असतो. पण त्यांचा प्रश्न खुळा नव्हता. गरीब, कमी शिकलेल्या माणसांना नीट न सांगता त्यांच्यावर प्रयोग झालेले आहेत. ते परदेशात झाले, तसे आपल्या देशात आणि आपल्या महाराष्ट्रातही झाले असा आक्षेप आहे. आणि ते करणारे कोणी भोंदू नव्हते. सरकारी आरोग्य खाती आणि नामवंत संस्था होत्या. म्हणून आजचा लेख त्या बाईंच्या प्रश्नाला उत्तर म्हणून लिहीत आहे.

उपचार वेगळा, प्रयोग वेगळा

आधी एक फरक समजून घेऊ. तुम्ही ताप आला म्हणून माझ्याकडे येता, मी गोळी देतो. त्यात माझा हेतू एकच असतो, तुम्हाला बरे करण्याचा. संशोधनात हेतू दोन असतात. तुमचे भले व्हावे हा एक, आणि पुढच्या हजारो रुग्णांसाठी ज्ञान मिळावे हा दुसरा. बहुतेक वेळा हे दोन्ही हेतू हातात हात घालून चालतात. पण कधीकधी त्यांची फारकत होते, आणि तेव्हा समोरच्या माणसाचे काय होते, यावर सगळी नीती अवलंबून असते.

संशोधन वाईट नाही, हे मी आधीच स्पष्ट सांगतो. तुमच्या मुलाला दिलेली पोलिओची लस, तुमच्या सासऱ्यांची रक्तदाबाची गोळी, क्षयरोगाचा सहा महिन्यांचा औषधक्रम, हे सगळे कोणीतरी प्रयोगात भाग घेतल्यामुळेच आपल्याला मिळाले. आपल्या मुंबईत १८९७ साली प्लेगने माणसे मरत होती, तेव्हा डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. ती तारीख १० जानेवारी होती. प्रयोग करणाऱ्याने धोका आधी स्वतःच्या अंगावर घ्यावा, याचे ते उत्तम उदाहरण. पण सगळेच संशोधक हाफकिन नसतात.

टस्कीगीचे सहाशे पुरुष

या विषयातले सर्वांत कुप्रसिद्ध प्रकरण अमेरिकेतले आहे. १९३२ साली तिथल्या सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने अलाबामा राज्यातल्या टस्कीगी भागात एक अभ्यास सुरू केला. त्यात ६०० कृष्णवर्णीय पुरुष घेतले. बहुतेक गरीब शेतमजूर. त्यांपैकी ३९९ जणांना सिफिलिस म्हणजे उपदंश झालेला होता, २०१ जणांना नव्हता. उपचार केला नाही तर हा रोग शरीरात काय काय करतो, हे डॉक्टरांना पाहायचे होते.

रुग्णांना मात्र रोगाचे नावही सांगितले नाही. "तुमचे रक्त खराब आहे" एवढेच सांगितले. तपासणीच्या दिवशी जेवण फुकट, दफनाच्या खर्चाला पैसे, ही आमिषे. पाठीच्या कण्यातून पाणी काढण्याची वेदनादायक तपासणी "खास मोफत उपचार" म्हणून केली गेली. १९४० च्या दशकात पेनिसिलीन आले आणि उपदंश बरा होऊ लागला. तरीही या माणसांना ते मुद्दाम दिले नाही, कारण दिले असते तर अभ्यास संपला असता. रोग बायकांना लागला, जन्मलेल्या मुलांना लागला. अभ्यास चालूच राहिला.

याच खात्यात काम करणारा पीटर बक्सटन नावाचा तरुण १९६६ पासून वरिष्ठांना लिहीत होता, की हे चूक आहे. कोणी ऐकले नाही. शेवटी जुलै १९७२ मध्ये ही बातमी वर्तमानपत्रांत छापून आली आणि चाळीस वर्षांनंतर अभ्यास बंद झाला. १९९७ साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी सरकारच्या वतीने माफी मागितली. तेव्हा त्यांतले थोडेच लोक हयात होते.

वाचकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. हा अभ्यास लपूनछपून चालला नव्हता. त्यावरचे निबंध वैद्यकीय मासिकांत छापून येत होते, आमच्यासारखे डॉक्टर ते वाचत होते. शिकलेल्या माणसांनी वाचले, पान उलटले आणि पुढे गेले. मला त्या प्रकरणातली ही बाब सर्वांत भयंकर वाटते.

दिल्लीतल्या ११५८ स्त्रिया

हे अमेरिकेत झाले, आपल्याकडे असे होणार नाही, असे म्हणायची सोय नाही. १९७६ ते १९८८ या काळात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे केंद्र सरकारच्या सर्वोच्च वैद्यकीय संशोधन संस्थेने, दिल्लीत एक अभ्यास केला. त्यासाठी आधी हा आजार थोडक्यात समजून घ्यावा लागेल.

गर्भाशयाचे जे तोंड योनिमार्गात उघडते, त्याला गर्भाशयमुख म्हणतात. ह्यूमन पॅपिलोमा नावाचा विषाणू तिथे वर्षानुवर्षे मुक्काम करून राहिला, तर तिथल्या पेशी बदलू लागतात. हा बदल म्हणजे कर्करोग नव्हे, कर्करोगाची पूर्वतयारी. ही पूर्वतयारी दहा-पंधरा वर्षेही चालते. कित्येकदा शरीर स्वतःच ती मोडून काढते. पण काही स्त्रियांमध्ये ती वाढत जाऊन कर्करोग होतो. म्हणजे हा रोग दारावर थाप मारून, बराच वेळ थांबून, मग घरात शिरणारा आहे. वेळेत पाहिले तर त्याला उंबऱ्याबाहेरच थोपवता येते. म्हणून या रोगाने बाई मेली, की डॉक्टर म्हणून जास्त लाज वाटते.

दिल्लीच्या अभ्यासात अशा बदललेल्या पेशी आढळलेल्या ११५८ स्त्रियांवर नुसती नजर ठेवण्यात आली. बदल किती जणींमध्ये पुढे वाढतो, हे पाहायचे होते. त्यांची लेखी संमती घेतलेली नव्हती. अभ्यास संपेपर्यंत ७१ जणींमध्ये कर्करोग निर्माण झाला. त्यांतल्या ६२ जणींवर रोग जागच्या जागी असताना उपचार झाले. नऊ जणींमध्ये तो आत पसरू लागला होता. हे सगळे १९९७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या वृत्तामुळे जगासमोर आले. तोंडी संमती घेतली होती, त्या काळी लेखी संमतीचा नियम नव्हता, असा बचाव करण्यात आला.

नियम नव्हता हे एकवेळ मान्य करू. परिषदेची पहिली नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वे १९८० साली आली, अभ्यास त्याआधी सुरू झाला होता. पण १९८० नंतरही तो आठ वर्षे चालला. आणि माझ्या मते "तुमच्या पेशींत बदल आहे, तो काढून टाकता येतो, पण आम्ही तो तसाच ठेवून बघणार आहोत" हे वाक्य बाईला सांगायला कुठल्या नियमाची गरज लागत नाही.

मुंबई आणि उस्मानाबाद

आता आपल्या घराजवळ येऊ. हा भाग लिहिताना माझा हात जरा जड झाला आहे, कारण यात टाटा मेमोरियल रुग्णालयाचे नाव येते. वसई-विरारमध्ये असे घर क्वचितच असेल, ज्यातले कोणी ना कोणी विरार लोकलने दादरला उतरून परळला 'टाटा'त गेलेले नाही. गरिबाला तिथे जो आधार मिळतो, त्याचे मोल मी जाणतो. माझ्या अनेक रुग्णांचे प्राण तिथे वाचले आहेत. म्हणूनच दोन्ही बाजू नीट मांडणे हे माझे कर्तव्य समजतो.

'टाटा' १९४१ साली सुरू झाले आणि १९६२ पासून ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाखाली आहे. १९९८ साली या संस्थेने मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा होता. वस्त्यांचे २० गट केले आणि जणू चिठ्ठ्या टाकून निम्मे गट एकीकडे, निम्मे दुसरीकडे घातले. पहिल्या बाजूच्या ७५,३६० स्त्रियांची दर दोन वर्षांनी तपासणी ठरली. दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविका गर्भाशयमुखावर पातळ व्हिनेगर लावून पाहत. बदललेल्या पेशी असल्या तर तिथे पांढरा डाग उठतो. दुसऱ्या बाजूच्या ७६,१७८ स्त्रियांना आरोग्यशिक्षण देण्यात आले, तपासणी नाही. मग दोन्हीकडे किती जणी या रोगाने दगावतात, ते वर्षानुवर्षे मोजले.

दुसरा अभ्यास उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, 'टाटा' आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधली कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. ४९७ गावांतल्या ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार विभाग केले. एका विभागाची विषाणूची तपासणी, दुसऱ्याची पॅप तपासणी, तिसऱ्याची व्हिनेगरची, आणि चौथ्या विभागाची, ज्यात ३१,४८८ स्त्रिया होत्या, कुठलीच नाही. त्यांना रोगाची माहिती आणि तपासणी कुठे करून घेता येईल हे सांगण्यात आले.

निकाल महत्त्वाचे निघाले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या उस्मानाबादच्या अहवालानुसार विषाणूची तपासणी झालेल्या विभागात या रोगाने ३४ स्त्रिया दगावल्या, तर तपासणी न झालेल्या विभागात ६४. म्हणजे आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. मुंबईत व्हिनेगरच्या स्वस्त तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

आक्षेप काय आणि उत्तर काय

२०११ साली एरिक सुबा या अमेरिकन डॉक्टरांनी त्यांच्या देशातल्या, मानवी संशोधनावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे तक्रार केली. पुढे २०१४ मध्ये त्यांनी मुंबईतून निघणाऱ्या 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' मध्ये आपले म्हणणे मांडले. मुंबई, उस्मानाबाद आणि तमिळनाडूतील दिंडीगल अशा तीन अभ्यासांत मिळून १,३८,६२४ स्त्रियांना तपासणीविना ठेवले आणि त्यांतल्या २५४ जणी या रोगाने दगावल्या, असा त्यांचा हिशेब आहे.

त्यांचा मुद्दा असा, की पॅप तपासणी १९४० च्या दशकात आली. ज्या देशांनी ती नेमाने राबवली, तिथे या रोगाचे मृत्यू झपाट्याने घटले. तपासणीने जीव वाचतो हे माहीत असताना, तपासणी न केलेल्या किती बायका मरतात हे मोजण्याची गरजच काय? तुलना करायची तर एका तपासणीची दुसऱ्या तपासणीशी करा. तपासणी विरुद्ध काहीच नाही, अशी नको.

संशोधकांचे उत्तरही ऐकले पाहिजे. पॅप तपासणीला प्रयोगशाळा, तज्ज्ञ आणि पुन्हा पुन्हा बोलावणे लागते. ती भारतभर राबवणे शक्य झालेले नव्हते. व्हिनेगरची तपासणी स्वस्त आणि सोपी, पण तिने खरोखर मृत्यू कमी होतात याचा पुरावा नव्हता. आणि पुराव्याशिवाय सरकार पैसा घालत नाही. शिवाय देशात कुठलाच तपासणी कार्यक्रम चालू नव्हता. त्यामुळे त्या स्त्रियांना जे एरवी मिळाले असते, त्यापेक्षा कमी काही मिळाले नाही.

या उत्तरात तथ्य आहे. उस्मानाबादमध्ये व्हिनेगरच्या तपासणीने मृत्यूंत ठळक घट दिसली नव्हती, मुंबईत दिसली. म्हणजे या स्वस्त तपासणीविषयीची शंका बनावट नव्हती. टस्कीगीत रोगी माणसाला मुद्दाम औषधापासून दूर ठेवले आणि फसवले. मुंबई-उस्मानाबादचे संशोधक त्या जातीचे नाहीत. दोन्ही प्रकरणे एका तराजूत तोलणे अन्यायाचे होईल, असे माझे मत आहे.

पण एका प्रश्नाचे उत्तर मला अजून पटलेले नाही. तो प्रश्न संमतीचा. दुसऱ्या बाजूच्या स्त्रियांना हे समजले होते का, की अशी एक तपासणी अस्तित्वात आहे, ती पलीकडच्या वस्तीत होते आहे, आपल्या वस्तीत होणार नाही, आणि आपल्यातल्या किती जणी दगावतात ते मोजले जाणार आहे? अमेरिकन कार्यालयाने चौकशीअंती मुंबईच्या अभ्यासातल्या स्त्रियांना पुरेशी माहिती दिली गेली नव्हती, असेच नोंदवले. हे सगळे समजावून सांगितले असते, तर किती जणींनी "हो" म्हटले असते? मला वाटते, बऱ्याच जणींनी विचारले असते, "मग माझीही तपासणी करा ना." आणि नेमके तेच उत्तर अभ्यासाला अडचणीचे होते.

माझा दवाखाना कुठल्या गटात?

येथे स्वतःविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे गेलो, तर ती अप्रामाणिकता होईल.

सुमारे वीस वर्षांपूर्वी माझ्याकडे एक पन्नाशीच्या बाई यायच्या. पांढरे पाणी जाते, मधूनच डाग पडतात, अशी तक्रार. पाळी थांबून तीन वर्षे झाली होती. मी गोळ्या दिल्या. पुन्हा आल्या, पुन्हा गोळ्या दिल्या. आतून तपासायला हवे हे मला पुस्तकातून माहीत होते. पण दवाखाना एका खोलीचा, बाहेर रांग, बाईही संकोची. "पुढच्या वेळी बघू" असे म्हणून दोनदा टाळले. सात-आठ महिन्यांनी मोठ्या रुग्णालयात निदान झाले तेव्हा रोग तिसऱ्या टप्प्यात होता. दीड वर्षात त्या गेल्या. त्यांचा मुलगा आजही माझ्याकडे औषधाला येतो. तो मला कधी काही बोलला नाही, हे जास्त जड जाते.

संशोधक म्हणाले, भारतात तपासणी न होणे हीच नेहमीची रीत होती. ते वाक्य वाचून मला राग आला. मग लक्षात आले, की ती रीत माझ्यासारख्यांनीच घातलेली आहे. ज्या स्त्रियांना कोणी तपासणीविषयी विचारले नाही, त्यांचा गट मुंबईतल्या ७६ हजारांचा नव्हता. माझ्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलेल्या सगळ्या बायका त्याच गटात होत्या. फरक इतकाच, की त्यांची मोजदाद कोणी केली नाही. संशोधकांना प्रश्न विचारण्याचा हक्क मला आहेच, पण आधी आरशात बघून.

भीती नको, चौकसपणा हवा

अशा प्रकरणांचा आणखी एक तोटा असतो. लोकांचा विश्वास उडतो आणि मग ते चांगल्या गोष्टीलाही नकार देतात. २००९-१० मध्ये आंध्रातला खम्मम जिल्हा आणि गुजरातमधले बडोदे येथे शाळकरी मुलींना याच विषाणूविरुद्धची लस देण्याचा प्रकल्प झाला. 'पाथ' ही परदेशी संस्था आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद त्यात होत्या. सात मुलींचे मृत्यू झाले, एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवण्यात आला. मृत्यूंचा लशीशी संबंध असल्याचे चौकशीत आढळले नाही. पण पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी सह्या केल्याचे उघड झाले. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ साली त्यावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली होती, ती देण्याची रीत वाईट होती. आणि त्या रीतीमुळे पुढे कित्येक वर्षे चांगली लस संशयाच्या भोवऱ्यात अडकून पडली.

भारतात दर वर्षी सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो आणि जवळजवळ ८० हजार दगावतात, असा २०२२ सालचा आंतरराष्ट्रीय अंदाज आहे. म्हणून तपासणीला घाबरू नका. सही करायला घाबरू नका. न समजता सही करायला मात्र जरूर घाबरा.

सही करण्यापूर्वी काय विचाराल?

कोणी संमतीपत्र पुढे केले, तर पुढील प्रश्न विचारा. हा उद्धटपणा नाही, तुमचा हक्क आहे.

१) हा माझा उपचार आहे की संशोधन? की दोन्ही?

२) सगळ्यांना सारखेच मिळणार आहे, की काही जणांना औषध किंवा तपासणी मिळणार नाही? मी कोणत्या गटात जाईन हे कोण ठरवणार?

३) या आजारावर दुसरा कोणता उपचार किंवा तपासणी आजच उपलब्ध आहे का? मी यात भाग घेतला नाही तर ती मला कुठे मिळेल?

४) मला काय त्रास होऊ शकतो? त्रास झाला तर उपचाराचा खर्च कोण करणार? औषधांच्या चाचणीत इजा झाली तर मोफत उपचार आणि नुकसानभरपाई देण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे.

५) मी मध्येच बाहेर पडू शकतो का? याचे उत्तर नेहमी "हो" असेच असले पाहिजे, आणि बाहेर पडल्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार थांबता कामा नयेत.

६) नीतिसमिती कोणती, आणि तक्रार करायची तर फोन कोणाला करायचा?

याशिवाय दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. माहितीपत्रक तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळाले पाहिजे आणि त्याची एक प्रत घरी नेता आली पाहिजे. वाचता येत नसेल तर संशोधकांशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर ते वाचून दाखवले पाहिजे. आणि घाईने सही मागणाऱ्याला सरळ सांगा, "घरी विचारून उद्या येतो." खरा उपचार करणारा तातडीची वेळ नसेल तर एक दिवस थांबतो. २००९ पासून देशातल्या औषध चाचण्यांची सरकारी नोंदवहीत नोंद करणे सक्तीचे आहे. कोणी शिकलेला मुलगा-मुलगी घरात असेल, तर त्यांना ती इंटरनेटवर पाहता येते.

संशोधनाचा भाग नसलेली तपासणीही करून घ्या. ३० वर्षांवरील स्त्रियांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे केंद्र सरकारने २०१६ साली काढली. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा महापालिकेच्या दवाखान्यात चौकशी करा. तपासणीला दोन-चार मिनिटे लागतात. पाळीच्या दिवसांत करू नये, एवढेच पथ्य. आणि पाळी थांबल्यावर डाग पडला, संबंधानंतर रक्त गेले, दुर्गंधीयुक्त पाणी जात असेल, तर गोळ्यांवर समाधान मानू नका. डॉक्टर तपासत नसेल तर त्याला तपासायला लावा. तो डॉक्टर मी असलो तरी.

त्या बाईंचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. मी शिबिरवाल्यांना फोन केला आणि कागद मराठीत का नाही, असे विचारले. आधी थोडी टोलवाटोलवी झाली. चार दिवसांनी मराठी कागद आला. त्यात संशोधनाची ओळ वेगळी काढली होती आणि तिच्यापुढे "हो" आणि "नाही" अशा दोन चौकटी होत्या. बाईंनी तो घरी नेला, सुनेकडून दोनदा वाचून घेतला. तपासणीला हो म्हटले, माहिती संशोधनासाठी वापरायलाही हो म्हटले. मी विचारले, "ताई, संशोधनाला नाही म्हणायचं होतं तर म्हणता आलं असतं." त्या म्हणाल्या, "विचारलं ना त्यांनी. मग नाही कशाला म्हणू?"

तपासणीत काही निघाले नाही. दुसऱ्या दिवशी त्या नेहमीप्रमाणे पहाटेच्या गाडीने दादरला गेल्या. आता त्यांची सूनही तपासून आली आहे.